ट्रेलर नालीत गेल्यावर फायबरच्या छोट्या शिडाच्या नावेचं आतलं नुकसान कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की बाहेर फक्त ओरखडा आहे आणि सोबतचे म्हणतात, पाण्यात टाकून पाहू, गळली तर कळेलच. टाकू नका. हे बोलणं ऐकलं की माझं डोकं आजही तापतं, म्हणून लिहायला बसलो.

आमची नाव मासेमारीची, तिला शीड नाही, पण अंग फायबरचंच. गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला चालते. पावसाळ्याच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नेताना पिन निसटली, ट्रॉली रपट्यावरून धानाच्या बांधीत उतरली आणि नावेचा मागचा कोपरा दगडावर आपटला. तळहाताएवढा ओरखडा, बस. नावेत भागीदार असलेले काकाजी म्हणाले, "काही नाही झालं गा, पुट्टी मार अन् टाक पाण्यात." त्यांची सगळी हयात वैनगंगेवर लाकडी डोंग्यात गेली. लाकडाचं तसं असतंही. तडा डोळ्याला दिसतो, डांबर भरता येतं, पाण्यात फळी फुगली की बारीक फट आपोआप बुजते. फायबर फुगत नाही. ते दगडाने आत दबतं आणि परत जागेवर येतं. मग बाहेर ओरखडा दिसतो आणि आतल्या थरांचे धागे तुटलेले असतात. हे मी घाटावर सगळ्यांसमोर सांगितलं, तर मलाच भित्रा ठरवलं.

मी नाव पालथी केली आणि दहाच्या नाण्याने वाजवत गेलो. बाकी सगळीकडे टणटण, त्या कोपऱ्यात भद्द. ओरखडा संपल्यावरही हातभर भद्दच. मग सरळ करून आतली बसायची फळी काढली, टॉर्च तिरपी धरली. तळ आणि मागची पाटी, म्हणजे नावेची मागची उभी भिंत, जोडणाऱ्या पट्टीवर लांब पांढरी रेघ उमटलेली. ग्राइंडरने उघडलं तेव्हा थर बोटाने सुटून येत होते. आमचं इंजिन त्याच पाटीवर लटकतं! काकाजींनी तो कोपरा स्वतः पाहिला आणि तरी म्हणाले, "एक सीझन निघाला असता." नसता निघाला. मधल्या पाण्यात पाटी सुटली असती तर जाळं ओढणारी पोरं कुठे गेली असती, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

तुमच्या नावेत तर तरंगण्यावरून काहीच कळणार नाही. छोट्या शिडाच्या नावेत हवेच्या बंद टाक्या किंवा फोम असतो. भोक असलं तरी ती तरंगेल, आणि फोम आत पाणी पीत राहील. ज्या बाजूला मार लागला तेवढंच पाहू नका, ट्रेलरचे रोलर जिथे टेकतात तिथेही वाजवा, झटका तिथेही बसतो. वरच्या रंगाच्या थरात एका बिंदूतून निघालेल्या चांदणीसारख्या भेगा म्हणजे तिथे ठोका बसलाय, समांतर भेगा म्हणजे अंग वाकलंय. पाण्यात खाली सोडायची मधली फळी ज्या खोक्यातून सरकते त्याचा तळाशी असलेला सांधा, डोलकाठीचा पाया, डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या, सुकाणूच्या बिजागऱ्या हेही पाहा. टाकी गळते का पाहायला सांध्यांवर साबणाचं पाणी लावून तोंडाने हवा फुंका. कॉम्प्रेसर लावाल तर धड सांधेही फाटतील.

नाण्याचा आवाज आडव्या पट्ट्यांवर आणि फोमवर तसाही बदलतो, हे सांगायचं राहिलं. त्यामुळे डावी-उजवीकडची तीच जागा वाजवून तुलना करा. कोणी नावेत पाणी भरून गळती पाहायला सांगेल, तर ट्रेलरवर ते करू नका. एक घनमीटर पाणी म्हणजे 1000 किलो, नाव मधोमध वाकेल. ओल्या फायबरवर रेझिन (थर चिकटवणारं रसायन) धरत नाही, पावसाळ्यात दुरुस्ती करायची तर आधी छपराखाली नीट वाळू द्या. आणि विमा असेल तर पुट्टीला हात लावण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा, सर्व्हेअरला उघडी जागा दाखवा.