अमेरिकेत डोळ्यातील मेलॅनोमाचे उपचार बदलले, मग मृत्यू का घटले नाहीत?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत यूव्हियल मेलॅनोमाचे, म्हणजे डोळ्याच्या मधल्या रंगद्रव्ययुक्त थरात होणाऱ्या दुर्मीळ कर्करोगाचे प्रमाण वाढले आहे का आणि उपचार सुधारल्याने त्यातील मृत्यू घटले आहेत का. उपलब्ध दीर्घकालीन आकडेवारी पाहता दोन्हींचे उत्तर मला जवळपास नकारार्थीच द्यावे लागते.

तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ‘सीर’ नोंदणीनुसार १९७३ ते २००८ या काळात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ५.१ नवे रुग्ण आढळले आणि एकंदर प्रमाण स्थिर राहिले. त्याच काळात उन्हाशी जोडला जाणारा त्वचेचा मेलॅनोमा झपाट्याने वाढत होता. म्हणून डोळ्यातील रोगाचे खापर सरसकट उन्हावर फोडू नये, असे मला वाटते.

उपचार मात्र पार बदलले. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांवर शस्त्रक्रिया होई, बहुतेकांचा डोळाच काढावा लागे. पुढे गाठीलगत किरणोत्सर्गी चकती बसवण्याची पद्धत रुळली आणि २००६ ते २००८ मध्ये शस्त्रक्रियेचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत आले. तरीही पाच वर्षांचे सापेक्ष जीवितप्रमाण, म्हणजे त्याच वयोगटातील सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत जिवंत राहणाऱ्या रुग्णांचे प्रमाण, ८१.६ टक्क्यांच्या आसपासच राहिले. मध्यम आकाराच्या गाठी असलेल्या १,३१७ रुग्णांच्या ‘कॉम्स’ चाचणीतही बारा वर्षांनंतर मृत्यूचे प्रमाण किरणोपचार घेतलेल्यांत ४३, तर डोळा काढलेल्यांत ४१ टक्के होते. हा फरक नगण्य आहे. डोळा वाचवल्याने जीव धोक्यात येत नाही, हा दिलासा रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा आहे आणि मृत्युदराच्या तक्त्यात तो दिसत नाही.

मृत्यू न घटण्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण असे की, निदानापूर्वीच काही पेशी रक्तावाटे शरीरात गेलेल्या असतात आणि त्या वर्षानुवर्षे सुप्त राहून पुढे बहुधा यकृतात वाढतात. तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत गमावलेल्या गाठींत हा धोका विशेष असतो, आणि डोळ्यापुरता उपचार या पेशींपर्यंत पोहोचत नाही.

रोग पसरलेल्या रुग्णांसाठी २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टेबेंटाफस्प या औषधाने एका वर्षानंतर जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण ५९ वरून ७३ टक्क्यांवर नेले. मात्र ते केवळ ‘एचएलए-ए*०२:०१’ हा ऊतिप्रकार (पेशींवरील प्रथिनांचा आनुवंशिक प्रकार) असलेल्यांनाच देता येते, त्यामुळे बाकीच्या रुग्णांसाठी संशोधन वेगाने होणे मला अत्यंत निकडीचे वाटते.