वर्षभर पोट बिघडलेलं, रात्री पायात गोळे येतात, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. आता कुणाला दाखवू?

तुम्ही लिहिलंय की पोट फुगतं, कधी पातळ होतं तर कधी दोन-दोन दिवस साफ होत नाही, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन झोपमोड होते. पोटाचे डॉक्टर पायाबद्दल बोलत नाहीत, हाडांचे डॉक्टर पोटाबद्दल विचारत नाहीत, आणि शेवटी 'टेन्शन घेऊ नका' एवढंच हाती येतं. मी डॉक्टर नाही, पण याच दोन तक्रारी घेऊन मीही बराच काळ फिरले आहे. त्यामुळे तुमचा वैताग मला अगदी कळतो.

माझं म्हणणं एकच आहे: या दोन तक्रारी दोन डॉक्टरांत वाटू नका. एकाच फिजिशियनसमोर एकाच कागदावर मांडा. स्नायूंना आवळायला आणि परत सैल व्हायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम लागतं, आणि हे सगळं शरीरात शिरतं ते आतड्यातूनच. जुलाब लांबले तर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून जातं. आतड्याचं अस्तर खराब असेल तर ते नीट शोषलंच जात नाही. म्हणजे पोट आणि पाय यांचा संबंध असू शकतो. तो आहे की नाही, हे कुणीतरी मुद्दाम शोधायला हवं.

'सगळं नॉर्मल' याचा अर्थ जे तपासलं ते नॉर्मल. जुने रिपोर्ट काढून काय काय तपासलंय ते बघा. क्षारांच्या नेहमीच्या तपासणीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असतं. मॅग्नेशियम बहुतेकदा वेगळं सांगावं लागतं. माझं तेच राहिलं होतं. ते फार कमी निघालं, आणि कारण होतं वर्षानुवर्षं चालू असलेली ॲसिडिटीची गोळी. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या गटातली औषधं दीर्घकाळ घेतली तर काहींचं मॅग्नेशियम घसरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा इशारा दिलेला आहे. शिवाय मॅग्नेशियम घसरलं की ते पोटॅशियम आणि कॅल्शियमलाही खाली ओढतं, म्हणून नुसतं पोटॅशियम देऊन भागत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी बदलल्यावर माझे गोळे थांबले. ही गोळी मनाने एकदम बंद करू नका, आम्ल उसळून येतं आणि त्रास दुप्पट वाटतो.

पोट मात्र तेवढ्याने बरं झालं नाही. त्याचं निदान वेगळं निघालं, आयबीएस, म्हणजे तपासणीत आतड्यात बिघाड दिसत नाही, पण पोट सतत बिघडत राहतं असा आजार. हे मुद्दाम सांगतेय, कारण एकच कारण सगळं उलगडेल अशी आशा आपण धरून बसतो. आयबीएसने पोट दुखतं, फुगतं, शौचाची तऱ्हा बदलते, पण पोटरीतल्या गोळ्यांचं उत्तर त्यात नाही. तुम्हालाही 'आयबीएस आहे' असं सांगितलं, तर 'मग पायाचं काय?' हे विचाराच.

सीलिअॅक आजाराबद्दलही विचारा. त्यात ग्लूटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या एका प्रथिनामुळे, आतड्याच्या अस्तराला इजा होते, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी पडतं, आणि काहींना जुलाबाऐवजी चक्क बद्धकोष्ठ असतं. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची: तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केलात तर रक्तातली प्रतिपिंडं खाली येतात आणि आजार असूनही रिपोर्ट निर्दोष येऊ शकतो. टीटीजी-आयजीए ही या आजाराची रक्ततपासणी करताना एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) सुद्धा बघायला सांगा, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

थायरॉइड मंदावलं तरी बद्धकोष्ठ आणि स्नायूंचं दुखणं एकत्र येतं, त्यामुळे टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या. आतड्याला सूज आहे का, याचा अंदाज शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीवरून येतो. बाकी ब-१२, ड जीवनसत्त्व, सीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी), काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. इंटरनेटवरून मोठं पॅकेज निवडून सगळं एकदम करू नका. दहा आकड्यांतला एखादा जरासा इकडे-तिकडे असतोच, आणि मग त्याच्याच मागे आपण लागतो.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबू नका. शौचातून रक्त किंवा काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, जुलाबासाठी रात्री उठावं लागणं, ताप, छातीत धडधड, तोंडाभोवती मुंग्या येऊन बोटं वाकडी होणं, लघवी गडद तपकिरी होणं किंवा दुखण्यापेक्षा स्नायूंची ताकदच जाणं. यातलं काही असेल तर लगेच दाखवा.

कुठल्या गोळ्या चालू आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ती यादी करा, आणि प्रत्येक गोळी कधी सुरू झाली तेही लिहा. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी स्नायू दुखू शकतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी क्षार जातात, मेटफॉर्मिनने पोट बिघडतं आणि कालांतराने ब-१२ घटू शकतं. त्याच कागदावर पोटाचा त्रास कधी सुरू झाला आणि गोळे कधी, या दोन तारखा आठवतील तशा टाका. फाइल उघडण्याआधी डॉक्टरांच्या हातात तो कागद द्या.