चिंगीचे जुलाब परत का येतात?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमची चिंगी देशी कुत्री आहे, चार वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, वजन 18 किलो. गेल्या पावसाळ्यापासून तिचं पोट सारखं बिघडतंय. दिवसातून सहा-सात वेळा शी होते, पण दरवेळी थोडीच. शेंबडासारखं चिकट काहीतरी पडतं, कधी शेवटी लाल रक्ताचे थेंब. कुंथत बसते बिचारी. इंजेक्शन आणि पाच दिवस मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं की थांबतं आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा सुरू होतं. भूक चांगली आहे, वजन उतरलेलं नाही. सकाळी दूध-चपाती, संध्याकाळी चिकन-भात, रविवारी मटणाची हाडं, मधूनमधून बिस्किटं. कोरडं खाणंही दोनदा बदलून पाहिलं. मासे मात्र कधी दिले नाहीत. जंताची गोळी दर तीन महिन्यांनी न चुकता देतो. दिवसभर मागच्या परड्यात मोकळी असते, शीसुद्धा तिथेच पेरूखाली करते. शीची तपासणी एकदा केली, जंत नाहीत असं आलं. आता एंडोस्कोपीसाठी (नळीतून कॅमेरा घालून आतडं आतून बघायला) पुण्याला न्यायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, दही-भातावर ठेवा, होईल बरी. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पत्र इतकं नीट लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. चिंगीला समोर न बघताही बरंच काही सांगता येईल, इतकं त्यात आहे.

थोडी थोडी शी, अनेकदा, शेंबूड, शेवटी ताजं रक्त, कुंथणं आणि वजन मात्र जागेवर. हे सगळं मोठ्या आतड्याकडे बोट दाखवतं. बिघाड लहान आतड्यात असता तर शी दिवसातून दोन-तीनदाच झाली असती पण भरपूर, आणि एवढ्या महिन्यांत चिंगीच्या बरगड्या दिसू लागल्या असत्या. पुढे कोणती तपासणी आधी आणि कोणती नंतर, हे या एका फरकावर ठरतं. म्हणून जुलाब होणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते : किती वेळा आणि किती?

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ : शी परड्यात, पेरूखाली. व्हिपवर्म नावाचा एक जंत असतो. अंगाचा बराचसा भाग दोऱ्यासारखा बारीक, मागचं टोक जाड. तो बारीक भाग मोठ्या आतड्याच्या अस्तरात खुपसून तो बसतो. तिथून शेंबूड आणि रक्त. याची अंडी शीतून मातीत पडतात, ओलसर सावलीत काही आठवड्यांत रोग पसरवण्याइतकी तयार होतात आणि पुढे कित्येक वर्षं मातीत टिकतात. कुत्रं तिथे हुंगतं, पाय चाटतं, अंडी पुन्हा पोटात. म्हणजे औषधाने आतडं साफ केलं तरी परडं तेच राहतं.

'पण तपासणीत जंत नाहीत आले,' असं तुम्ही म्हणाल. एका तपासणीवर विसंबून हा जंत नाही असं म्हणता येत नाही. पोटात शिरल्यापासून अंडी घालू लागेपर्यंत त्याला जवळजवळ तीन महिने लागतात, आणि त्यानंतरही मादी रोज अंडी घालत नाही. शिवाय अंडी जड असतात. काचपट्टीवर शीचा ठिपका पसरून बघितलं तर ती सहज निसटतात. लॅबला सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुना गरगर फिरवणारं यंत्र, वापरून तपासायला सांगा. एकदा दिसली की मात्र चुकत नाहीत : तपकिरी रंगाची, दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखी.

जंताच्या गोळीची पट्टी काढा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. फक्त प्रॅझिक्वांटेल आणि पायरंटेल लिहिलं असेल तर ती गोळी व्हिपवर्मवर काम करत नाही, कितीही नियमाने दिली तरी. त्यासाठी फेबँटेल किंवा फेनबेंडाझोलसारखं औषध असावं लागतं.

दुसरा संशय जिआर्डियाचा. पावसाळ्यात सुरुवात झाली म्हणून तो मनात येतोच. हा एकपेशी जीव साचलेल्या पाण्यातून, ओल्या जमिनीवरून येतो, आणि हाही शीतून रोज बाहेर पडत नाही. म्हणून एक-दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा नमुना द्या. स्वच्छ डबीत, ताजा, लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नको. जिआर्डियासाठी वेगळी अँटिजेन चाचणी मिळते, तीही करून घ्या.

आणि नमुने कोरे आले तरी मी फेनबेंडाझोलचा एक कोर्स द्यायला सांगेन. किलोमागे 50 मिलिग्रॅम, म्हणजे चिंगीला रोज 900, सलग पाच दिवस. व्हिपवर्मसाठी तोच कोर्स तीन आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो, कारण अस्तरात दडलेली पिल्लं पहिल्या खेपेला सगळी मरत नाहीत. तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच सुरू करा. औषध चालू असताना तिला, विशेषतः मागचा भाग, साबणाने आंघोळ घाला, केसांना चिकटलेली जिआर्डियाची बीजं चाटण्यातून परत पोटात जातात. पेरूखालची शी रोज उचला. ताज्या शीतली व्हिपवर्मची अंडी लगेच बाधत नाहीत, त्यामुळे रोज उचललं तर नवी भर पडत नाही. जुन्या मातीला फिनेलने काही होत नाही. तिथे जाळी लावा किंवा फरशी घाला आणि चिंगीला शीसाठी बाहेर न्या.

मेट्रोनिडाझोलबद्दल स्पष्ट बोलते. ते दिलं की थांबतं, म्हणून सगळ्यांना ते औषध लागू पडतंय असं वाटतं. पण असे उमाळे पुष्कळदा चार-पाच दिवसांत आपोआपही ओसरतात. दर वेळी ते दिल्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मारले जातात आणि कित्येक आठवडे पूर्वपदावर येत नाहीत. कारण न शोधता ते पुन्हा पुन्हा देणं मला अजिबात पटत नाही. पुढच्या वेळी पोट बिघडलं आणि ती खेळती, पाणी पिणारी असली, तर ते सुरू करण्याआधी नमुना घ्या.

हे सगळं करूनही बिघाड चालूच राहिला तर खाणं. कुत्र्यांना ज्या गोष्टी सोसत नाहीत त्यांत गोमांस, दूध, चिकन आणि गहू वरच्या क्रमांकावर आहेत, आणि चिंगीच्या ताटात यांतल्या तीन रोज असतात. कोरडं खाणं दोनदा बदललंत, पण चिकन बहुतेक कोरड्या खाण्यात असतंच, आणि दूध-चपाती चालूच असेल. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. एकच नवं प्रथिन, एकच पिष्ट : काटे बारकाईने काढलेला उकडलेला मासा आणि उकडलेला बटाटा. मीठ, कांदा, लसूण नको. नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रोलाइज्ड (आधीच बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनाचं तयार खाणं, महाग असतं पण सोपं पडतं. दोन-तीन आठवडे फक्त तेवढंच. पेढ्यात गुंडाळून गोळी नको, चवीची चघळायची गोळीही नको, बिस्किटाचा तुकडाही नको. आतड्याचा त्रास खाण्याचा असेल तर बहुतेक कुत्री दोन आठवड्यांत सुधारतात. सुधारली तर जुनं खाणं मुद्दाम परत देऊन बघा. पुन्हा बिघडली तर उत्तर मिळालं. मासा-बटाटा मात्र महिनोन्‌महिने देऊ नका, त्यात कॅल्शियम पुरत नाही. मटणाची हाडं आजपासूनच बंद, शिजलेलं हाड फुटून आतडं खरवडतं.

सासूबाईंची माया कळते. पण दही दुधाचंच, त्यामुळे चाचणीच्या काळात तेही नको. त्यांना जरूर सांगा की या तीन आठवड्यांत चिंगीला सर्वांत मोठी मदत त्यांचीच होणार आहे, कारण दुपारी घरात त्याच असतात.

एक वही ठेवा. तारीख, शी किती वेळा, घट्ट की पातळ, शेंबूड-रक्त, आणि त्या दिवशी पोटात काय काय गेलं. घरी पाहुणे आले, फटाके वाजले, गावाला गेलात, तेही लिहा. हे लिहायला सांगण्यामागे कारण आहे. अ‍ॅडिसन नावाच्या आजारात अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंद पडतात आणि कुत्रं असंच अधूनमधून बिघडतं, ताण आला की जास्त. सलाईन दिलं की ताजंतवानं होतं आणि आजार निसटतो. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम आणि कॉर्टिसॉल या अ‍ॅड्रिनल संप्रेरकाची साधी चाचणी करून घ्या. कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे 2 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर अ‍ॅडिसन बाजूला ठेवता येतो. व्हिपवर्ममुळेही रक्तातले हे क्षार अगदी तसेच बिघडू शकतात, म्हणून फक्त त्यांच्यावरून कोणी अ‍ॅडिसनचा शिक्का मारत असेल तर थांबा.

जर्मन शेफर्डवाल्यांसाठी जाता जाता : कुत्रं अधाशासारखं खातं, तरी हाडं दिसतात, शी ढीगभर, फिकट आणि तेलकट, तर स्वादुपिंडाची टीएलआय ही रक्ततपासणी आधी मागा. खाण्यात एन्झाइमची पावडर मिसळून ही कुत्री छान भरतात.

आता एंडोस्कोपी. ती वाईट नाही, पण आज नको. पूर्ण भूल द्यावी लागते, मोठं आतडं आधी रिकामं करावं लागतं, आणि आतड्याच्या अस्तराचे काढलेले तुकडे तपासून बहुतेक वेळा अहवालात 'आतड्याला सूज' असं येतं. ती सूज कशाने आली, हे त्यात लिहिलेलं नसतं. खाण्याने आलेली आणि इतर कारणांनी आलेली सूज सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसू शकते. फेनबेंडाझोल झालं, खाण्याची चाचणी चोख झाली, रक्त तपासलं, तरी शेंबूड-रक्त चालू आहे, अशी वेळ आली तर जरूर पुण्याला न्या आणि वही बरोबर द्या.

मात्र वजन उतरू लागलं, काळी डांबरी शी झाली, पोट पाण्याने फुगलं, रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं, किंवा उलट्या होऊन ती मलूल पडली, तर यातल्या कशाचीही वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.