मस्कतला येण्याआधी फहूदची पहिली विहीर समजून घ्या

मुंबई हायवर पाच वर्षं सिस्मिक इंटरप्रिटेशन (ध्वनिलहरींच्या नोंदींवरून जमिनीखालच्या थरांचा अर्थ लावणं) केलंय, ओमानमध्ये हा अनुभव चालेल का, आणि बायको-मुलीला लगेच आणू का, असं तुम्ही विचारलंत. अनुभव नक्की चालेल. पण फॉल्टकडे, म्हणजे खडकाचे थर तुटून सरकलेले असतात त्या जागेकडे, बघायची नजर बदलावी लागेल.

फहूद हे ओमानच्या वाळवंटातलं तेलक्षेत्र. तिथली पहिली विहीर १९५६ साली खोदायला घेतली. ती कोरडी गेली, आणि पुढे १९६० साली बहुतेक भागीदार कंपन्यांनी अंग काढून घेतलं. १९६४ मध्ये तेल लागलं ते त्याच विहिरीपासून जेमतेम काही शे मीटरवर! मधे मोठा फॉल्ट होता आणि पहिली विहीर त्याच्या चुकीच्या बाजूला पडली होती. आजही नकाशावर फॉल्टची रेघ ओढताना मला ती विहीर आठवते.

मुंबई हायचा चुनखडक मायोसीन काळातला, म्हणजे तसा तरुणच. इथला नतीह नावाचा, फहूदचं तेल धरून असलेला चुनखडक सुमारे दहा कोटी वर्षांचा, आणि दक्षिणेत मिठाच्या थरांत अडकलेले आरा गटाचे कार्बोनेट खडक ५४ कोटींच्या आसपासचे. फहूदमध्ये तेल साठलेलं असतं दगडाच्या बारीक छिद्रांत, पण विहिरीपर्यंत येतं ते भेगांतून. त्यामुळे फॉल्ट कुठे आहे एवढं सांगून भागत नाही, त्याच्या आजूबाजूच्या भेगा उघड्या आहेत की बुजलेल्या, हे सांगावं लागतं. पहिल्याच महिन्यात कोअर शेडमध्ये (विहिरीतून काढलेले खडकाचे नमुने ठेवतात तिथे) एका तुकड्यावर मी वीतभर अंतरात दोन भेगा पाहिल्या: एक पांढऱ्या कॅल्साइटनं गच्च भरलेली, दुसरी तपकिरी आणि बोटाला तेल लागेल इतकी ओलसर. सिस्मिकवर यातली एकही दिसत नाही. म्हणून निघायच्या आधी इमेज लॉग, म्हणजे विहिरीच्या भिंतीचं उपकरणानं घेतलेलं चित्र, वाचायला शिका. आल्यावर एखाद्या शुक्रवारी अदम गावाजवळच्या जबल मदमार डोंगरावर जा, तिथे नतीह फॉल्टसकट उघड्यावर आहे.

करारात मूळ पगार किती ते आधी बघा. माझ्या पहिल्या करारात भत्ते भरघोस आणि मूळ पगार तुटपुंजा होता. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात, ते मला नोकरी सोडताना हिशेब हातात आल्यावर कळलं. आज पगारावर आयकर नाही, २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के लागेल. नेमणूक मस्कतच्या ऑफिसात की वाळवंटातल्या कॅम्पवर, हे लेखी घ्या. कॅम्प असेल तर घरच्यांना आणूनही त्या दोघी मस्कतमध्ये एकट्याच राहतील. ऑफिस असेल तरी आधी तीन-चार महिने एकटे या, घर बघा, आणि इथल्या इंडियन स्कूलचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं त्या बेतानं मुलीला आणा.