पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते: गिटार आणि घरातली हवा, तुमच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न बरेच आलेत आणि जवळपास सगळे फिरून हवेतल्या ओलाव्यावरच येतात, म्हणून एकत्र घेतोय. एक आकडा डोक्यात ठेवा, 45 ते 55 टक्के ह्युमिडिटी. 40 ते 60 पर्यंतही चालतं. त्याच्या बाहेर मात्र लाकूड हलायला लागतं.

प्रश्न (दादर): दादा, जानेवारीत सॉलिड टॉप (म्हणजे समोरची फळी अखंड लाकडाची) अकूस्टिक गिटार घेतली. आता जुलैत तारा इतक्या वर गेल्यात की बोटं दुखतात. यूट्यूबवर बघून केसमध्ये ओला स्पंज ठेवलाय, आणि मित्र म्हणतो ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) फिरव. फिरवू का?

आधी तो स्पंज बाहेर काढा, आजच! ते व्हिडिओ बहुतेक थंड देशातल्या लोकांसाठी असतात, तिथे हिवाळ्यात घरं कोरडी पडतात म्हणून ते पाणी घालायला सांगतात. मुंबईत जुलैत हवाच 85 टक्क्यांच्या आसपास असते, त्यात अजून ओलावा कशाला हवाय.

होतं काय तर लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ अजिबात वाढत नाही. गिटारचा टॉप जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड आणि कडेने सगळीकडून चिकटवलेला, त्यामुळे फुगला की बाजूला सरकायला जागाच नसते, तो मध्ये वर येतो आणि ब्रिजला (टॉपवरची तारा अडकवायची लाकडी पट्टी) सोबत उचलतो, मग तारा वर. ट्रस रॉड फक्त मानेचा बाक सांभाळतो, टॉपच्या पोटाशी त्याचा काही संबंध नाही. ब्रिजच्या मागे स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघा. थोडा घुमट सगळ्याच गिटारींना मुद्दाम दिलेला असतो, पण पट्टी दोन्ही बाजूंना खूपच डुलत असेल तर टॉप फुगलाय.

आणि कृपा करून सॅडल (ब्रिजवरची बारीक पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) घासून घेऊ नका. आत्ता घासलात की डिसेंबरात टॉप खाली बसणार आणि प्रत्येक फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बझ येणार, म्हणजे तार घासून झणझणणार, मग परत नवीन सॅडल. त्यापेक्षा एक थोडा बुटका सॅडल वेगळा करून घ्या, पावसाळ्यात तो, बाकी वर्षभर मूळचा. खर्च कमी आणि गिटारला कायमचं काही होत नाही.

प्रश्न (ठाणे): केसमध्ये तांदळाची पुरचुंडी ठेवली तर चालेल? की सिलिका जेल? कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे मिळतात ते कसे? डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घ्यावाच लागेल का?

तांदूळ नको, फरक नगण्य पडतो आणि वर किडे होतात. ते डबे कपड्यांच्या कपाटात ठीक आहेत पण गिटारच्या केसमध्ये कधीच नाही, कारण त्यात कॅल्शियम क्लोराईड असतं, ते ओल शोषून खारं पाणी होतं, आणि केस आडवी झाली की ते फिनिशवर, तारांवर, सगळीकडे.

सिलिका जेल चांगलं. रंग बदलणारे दाणे घ्या, केशरी असतात ते भरले की हिरवे होतात. ओव्हनमध्ये 110-120 डिग्रीला तापवून परत वापरता येतात. पण हे सगळं हार्ड केसमध्येच, गिग बॅगमधून (कापडी पिशवी) हवा आरपार जाते त्यामुळे तिथे कितीही जेल टाकलं तरी फुकट. आणि आत ह्युमिडिटी मोजणारा मीटर (हायग्रोमीटर) हवाच, कारण ताजं जेल बंद केसमध्ये हवा 40 च्या खालीही नेऊ शकतं.

चार-पाच गिटारी असतील तर डीह्युमिडिफायर घ्या, एकच असेल तर माझ्या मते गरज नाही. अख्खं घर कोरडं करण्यापेक्षा एक केस सांभाळणं कितीतरी सोपं. एसी पण हवा कोरडी करतो, पण रात्री एसी आणि दिवसभर खिडक्या उघड्या असं असेल तर गिटार रोज वर-खाली होते, आणि मला विचाराल तर एकसारखे 65 टक्के त्यापेक्षा परवडले. वाजवून झालं की केसमध्ये. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगून तर अजिबात ठेवू नका, त्या भिंतीला ओल असते.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागली. कानस मारून घेऊ?

थांबा जरा. फ्रेट धातूचे, ते आहेत तेवढेच आहेत, ते ज्या लाकडी पट्टीत बसवलेत तो फ्रेटबोर्ड सुकून आकसलाय. तुमच्याकडे मेच्या दुपारी ह्युमिडिटी 20 च्या खाली जाते, तिथे तो ओला स्पंज बरोबर! साबणाच्या डबीला भोकं पाडा, स्पंज घट्ट पिळून आत ठेवा, पाणी ठिबकता कामा नये. दोन-तीन आठवडे केसमध्ये 45-50 राखा, बहुतेक वेळा टोकं आत जातात. त्यानंतरही टोचली तर कानस. कूलरसमोर गिटार ठेवू नका, चालू असताना दमट आणि बंद झाला की परत कोरडं. टॉपला तडा दिसला तर फेविक्विक ओतू नका, आधी ओलावा द्यायचा, तडा मिटत आला की मग रिपेअरवाल्याकडून चिकटवून आतून पट्टी लावून घ्यायची.

प्रश्न (न्यू जर्सी): पुण्याहून गिटार आणली. हीटिंग चालू झाल्यापासून मीटर 20-22 दाखवतो, बिघडलाय का?

नाही, बरोबर दाखवतोय. बाहेर 0 डिग्री आणि 80 टक्के असलेली हवा आत येऊन 21 डिग्रीला तापली की तिची ह्युमिडिटी 20 च्या आसपास येते, पाणी तेवढंच राहतं पण गरम हवेची धरायची ताकद वाढते. तुम्हाला खोलीत ह्युमिडिफायर किंवा केसमध्ये 49 टक्क्यांची टू-वे पाकिटं (गरजेप्रमाणे ओलावा देतात किंवा शोषतात) लागणारच.

प्रश्न (मडगाव): आजोबांच्या गिटारला आतून-बाहेरून पांढरी बुरशी आलीय.

मास्क लावून कोरड्या मऊ कापडाने पुसा, पंख्याखाली सावलीत वाळू द्या. उन्हात नको, डिंक सुटतो. खोबरेल तेल नको. केसचं अस्तर मात्र नीट वाळवा, बुरशी तिथूनच परत येते.

प्रश्न (पुणे): स्वस्तातला हायग्रोमीटर खरं सांगतो का?

तपासून घ्या, घरीच होतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ पूर्ण विरघळलं तर चुकलं. ते आणि मीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा, मीटरला मीठ लागू देऊ नका. सकाळी 75 दिसायला हवेत. 70 दिसले तर मागे "+5" लिहून चिकटवा आणि खुशाल वापरा.