साठ हजार भरून ९९०, तीस हजार भरून १,४८५

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, दोघंही नोकरी करतो. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. बोनस आणि कंपनीचे शेअर विकून आलेले ६०,००० डॉलर बचत खात्यात पडून आहेत. निवृत्तीची खाती सोडली तर शिल्लक म्हणायची ती एवढीच. ऑफिसातला मित्र म्हणतो, ३१ डिसेंबरच्या आत सगळे ५२९ मध्ये (मुलांच्या कॉलेजसाठीचं करसवलतीचं बचत खातं) टाक, भरपूर टॅक्स वाचेल. टेक्सासमधली मेहुणी म्हणते, युटा राज्याचा ५२९ प्लॅन घ्या, खर्च कमी असतो. बायकोचा पगार १,१०,००० डॉलर आहे. ती ४०१-के मध्ये (नोकरीतल्या निवृत्ती खात्यात) ३ टक्के भरते. तिची कंपनी ६ टक्क्यांपर्यंत डॉलरमागे ५० सेंट घालते. मुलगी कॉलेजला गेली की पुण्याला परतायचं असंही मनात आहे. काय करावं?

उत्तर : सगळे साठ हजार घालू नका. घालायचे ते तीस, आणि तेही दोन हप्त्यांत. तुमच्या मित्राचा सल्ला अगदी चुकीचा आहे असं नाही, पण ‘भरपूर टॅक्स’ म्हणजे किती हे त्याने कागदावर मांडलेलं दिसत नाही. ते आपण मांडू.

५२९ खात्यात भरलेल्या पैशांवर फेडरल आयकरात एका पैचीही वजावट नाही. हा गैरसमज मी इतक्या घरांत ऐकला आहे की आता मोजणं सोडून दिलंय. फेडरल फायदा आहे तो पुढचा : खात्यातल्या वाढीवर दरवर्षी कर नाही आणि पैसे कॉलेजच्या खर्चासाठी काढले तर त्या वाढीवर कधीच नाही. भरताना जी वजावट मिळते ती राज्याची. तुमचं राज्य इलिनॉय. एकट्याला वर्षाला १०,००० आणि पतिपत्नींच्या संयुक्त रिटर्नवर २०,००० डॉलरपर्यंत. राज्याचा कर सरसकट ४.९५ टक्के. म्हणजे वीस हजार भरले तर वाचतात ९९० डॉलर. त्याच वर्षात साठ हजार भरले तरी वाचतात तेच ९९०. वरचे चाळीस हजार या हिशेबात वाया जातात, कारण उरलेली वजावट इलिनॉयमध्ये पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

आता हेच पैसे वर्षाच्या उंबरठ्यावर तोडून बघा. डिसेंबरात वीस हजार, जानेवारीत दहा हजार. दोन्हींमध्ये अंतर चार-सहा आठवड्यांचं, पण रिटर्न दोन वेगळ्या वर्षांची. पहिल्या वर्षी ९९०, दुसऱ्या वर्षी ४९५, मिळून १,४८५ डॉलर. मित्राच्या निम्मे पैसे भरून त्याच्या दीडपट बचत, आणि तीस हजार अजून तुमच्या हातात. शिवाय पुढच्या वर्षीच्या मर्यादेत दहा हजारांची जागा शिल्लक राहते, ती पगारातून महिन्याला थोडं थोडं करून भरता येईल.

ही वजावट इलिनॉयच्या रिटर्नमध्ये शेड्यूल एम या जोडपत्रावर दाखवायची असते आणि फेडरल रिटर्नला स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेत असलात तरी मिळते. भरताना दोघांच्या बँक खात्यांतून निम्मे-निम्मे जाऊ द्या, म्हणजे ‘प्रत्येकी दहा’ या मर्यादेवरून कुणी बोट ठेवायला नको. आणि ३१ तारखेच्या रात्री लॉगिन करून बसू नका. नवं खातं उघडणं, बँक जोडणं, तिची पडताळणी होणं यात दिवस जातात. नाताळाच्या आत हे उरकून घ्या.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, आणि तुम्ही ते प्रश्नाच्या शेवटी सहज लिहून टाकलंय. तुमच्या बायकोची कंपनी ६ टक्क्यांपर्यंत जोड देते आणि ती ३ टक्क्यांवर थांबली आहे. उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षाला ३,३०० डॉलर. त्यावर कंपनीचे १,६५० डॉलर तुम्ही दरवर्षी टेबलावरच सोडून येताय. ५२९ मधल्या डॉलरवर राज्य पाच सेंटही पुरते देत नाही, इथे कंपनी पन्नास सेंट देते. वर त्या ३,३०० वर फेडरल कर आत्ता लागत नाही. हातात येणारा पगार थोडा कमी होईल; तो खड्डा बचत खात्यातून भरून काढा. पैसे पडून आहेत ते अशाच कामाला यायला हवेत. मुलांच्या कॉलेजसाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कुणी देत नाही.

युटाच्या प्लॅनबद्दल मेहुणीचं म्हणणं तिच्यापुरतं बरोबर आहे. टेक्सासमध्ये राज्याचा आयकरच नाही, त्यामुळे वजावटीचा प्रश्न नाही. तिने देशातला कुठलाही स्वस्त आणि चांगला प्लॅन निवडावा, युटाचा त्यात नक्की बसतो. पेन्सिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत तर बाहेरचा प्लॅन घेतला तरी वजावट मिळते. इलिनॉयचं तसं नाही. इथे राज्याचाच प्लॅन लागतो. तुमच्यासमोर ब्राइट स्टार्ट आणि ब्राइट डायरेक्शन्स अशी दोन नावं येतील. पहिला थेट घ्यायचा, दुसरा सल्लागारामार्फत. वजावट दोन्हींना सारखीच. ब्राइट स्टार्टमध्ये कमी खर्चाचे इंडेक्स फंडांचे पर्याय आहेत, तोच घ्या. (सल्लागार म्हणून मी हे सांगणं धंद्याच्या विरुद्ध आहे, पण तुमच्या गरजेला मधला माणूस लागत नाही.) एकदा वजावट घेऊन नंतर पैसे दुसऱ्या राज्याच्या प्लॅनमध्ये हलवले, तर इलिनॉय ती वजावट परत उत्पन्नात धरतं. शाळेच्या फीचंही तसंच : फेडरल नियमात ती ठरावीक मर्यादेपर्यंत चालते, इलिनॉयला चालत नाही.

आता कुठल्या मुलासाठी किती? लोक इथे एकच फूटपट्टी लावतात. मुलाकडे बारा वर्षं आहेत. त्याच्या नावे दहा हजार घातले आणि वर्षाला सहा टक्के वाढ धरली तर अठराव्या वर्षी सुमारे वीस हजार होतात. वरच्या दहा हजारांवर साध्या गुंतवणूक खात्यात फेडरल १५ टक्के आणि राज्याचे पाच मिळून दोन हजारांच्या आसपास कर गेला असता. म्हणजे त्याच्या बाबतीत खरा फायदा वाढ करमुक्त होण्याचा. भरताना मिळणारे ४९५ डॉलर ही त्यावरची चटणी. मुलीकडे जेमतेम पाच वर्षं आहेत. तिचे पैसे शेअरमध्ये फार ठेवता येत नाहीत, म्हणून वाढ कमी धरावी लागते, चार टक्के म्हणा. दहा हजारांचे बारा हजार होतील; ती वाढ बरीचशी व्याजाची, तिला १५ नाही तर पगाराचाच दर लागतो, म्हणून वाचणारा कर सहाशेच्या घरात. तिच्या बाबतीत ४९५ ची वजावट जवळपास निम्मा फायदा आहे. म्हणून पहिले मोठे पैसे तिच्या खात्यात जाऊ द्या : डिसेंबरच्या वीसातले सतरा तिचे, तीन त्याचे. जानेवारीचे दहा पुन्हा मुख्यतः तिचे, आणि त्याच्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम सुरू करा.

मुलासाठी तीनच हजार घालून आत्ताच वेगळं खातं उघडायचं ते कशासाठी, असं वाटेल. २०२४ पासून ५२९ मध्ये उरलेले पैसे लाभार्थीच्या रॉथ आयआरएमध्ये (स्वतः उघडायचं करमुक्त वाढीचं निवृत्ती खातं) वळवता येतात, आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत. अट अशी की खातं पंधरा वर्षं जुनं हवं, शेवटच्या पाच वर्षांत भरलेले पैसे चालत नाहीत, आणि त्या मुलाची स्वतःची कमाई हवी. वर्षाला आयआरएच्या नेहमीच्या मर्यादेइतकेच. त्याचं घड्याळ आज सुरू केलं तर तो एकविसाव्या वर्षी पात्र होतो. मुलीच्या खात्यात काही उरलंच तर लाभार्थी बदलून ते भावाच्या नावे करता येतं, त्यावर कर नाही.

मुलीच्या खात्यात वयानुसार आपोआप सावध होत जाणारा पोर्टफोलिओ घ्या, आणि तो घेतल्यावरही त्यात रोखे किती, रोख किती हे डोळ्यांनी बघा. २०२२ मध्ये शेअर आणि रोखे एकाच वर्षी पडले तेव्हा ‘सावध’ पोर्टफोलिओवाले पालकही हादरले होते. पहिल्या वर्षाची फी तरी कॉलेजच्या दोन वर्षं आधी रोखीसारख्या पर्यायात गेलेली असावी.

आर्थिक मदतीच्या अर्जाची (फॅफ्सा) फार चिंता नको. दोन चांगले पगार असलेल्या घराला गरजेवर आधारित मदत मिळण्याची शक्यता मुळात कमी, आणि पालकांच्या नावावरच्या ५२९ मधला फार तर ५.६४ टक्के भागच तुम्ही फीसाठी देऊ शकाल असं फॅफ्सामध्ये धरलं जातं.

राहिला पुण्याचा विषय, आणि साठऐवजी तीस म्हणण्यामागे हाही आहे. मुलगी अमेरिकेतच शिकली तर तुम्ही कुठेही राहा, फी, पुस्तकं, संगणक, किमान निम्मा अभ्यासक्रम घेत असेल तर राहणं-जेवण, यासाठी काढलेले पैसे इथे करमुक्तच राहतात. सुट्टीत घरी यायचं विमानाचं तिकीट मात्र यात बसत नाही. मुलगा पुण्यात शिकला तर गणित बदलतं. ते कॉलेज अमेरिकी शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-मदतीसाठी पात्र संस्थांच्या यादीत नसेल, तर वाढीवर नेहमीचा कर आणि वर १० टक्के दंड. वीस हजारांचे सव्वीस झाले असतील तर दंड ६०० डॉलर, शिवाय सहा हजारांवर तुमच्या दराने कर, आणि इलिनॉयची वजावट परत. तुमची मुद्दल कुणी कापत नाही, एवढं लक्षात ठेवा. भारतात मात्र परतल्यानंतर दोन-तीन वर्षांनी तुम्ही पूर्ण अर्थाने रहिवासी ठरलात की जगभरचं उत्पन्न तिथे करपात्र होतं, आणि ५२९ ला तिथल्या कायद्यात वेगळी सूट नाही. निघायच्या आदल्या वर्षी दोन्हीकडचे कायदे पाहणाऱ्या सीएसमोर ही खाती ठेवा. तेव्हा मुलाच्या खात्यात फार मोठी रक्कम नसलेली बरी.

उरलेले तीस हजार जास्त व्याजाच्या बचत खात्यात राहू द्या. दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी गेल्या तर घराचा हप्ता आणि किराणा किती महिने निघेल, हे एका संध्याकाळी दोघांनी बसून काढा. सहा महिन्यांपेक्षा कमी येत असेल तर जानेवारीचे दहा हजारही थांबवा आणि ते वर्षभरात पगारातून भरा. वजावट त्याच वर्षाचीच मिळेल, ४९५ डॉलर कुठे जात नाहीत.

आणि प्रत्येक खात्यावर एकाला मालक आणि दुसऱ्याला उत्तराधिकारी मालक म्हणून नोंदवा. अर्जात तो रकाना ऐच्छिक असतो, म्हणून बहुतेक जण तो रिकामाच सोडतात.