मुतखडा परत होऊ नये म्हणून चिनी वनौषधी घ्याव्यात का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: दोनदा मुतखडा होऊन गेलाय, दुसरा दुर्बिणीतून काढावा लागला. आता शांघायला नोकरी करणाऱ्या मेहुण्याने चिनी काढ्याच्या पुड्या पाठवल्यात आणि "महिनाभर घ्या, परत होणार नाही" असं सांगितलंय. घ्यायच्या का?

पुडीत नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय एकही फोडू नका. कळल्यावरही त्यांच्या भरवशावर पाणी कमी करू नका.

मी एमबीबीएस चीनमध्ये केलं, ग्वांगदोंग प्रांतात. परदेशी विद्यार्थ्यांनाही तिथे चिनी वैद्यकाचा एक विषय असतो. आम्ही तो पास होण्यापुरताच वाचायचो, पण रुग्णालयातली वनौषधींची खिडकी बघायला मला आवडायचं. मागे भिंतभर लाकडी खण, आणि खिडकीतल्या बाई हातातल्या छोट्या तराजूवर एकेक पाला-साल मोजून कागदावर ढीग लावायच्या. मुतखड्याची चिठ्ठी लांबूनच ओळखू यायची, कारण एक ढीग बाकीच्यांपेक्षा मोठा असायचा. बाकी औषधं दहा-बारा ग्रॅम आणि ही एकटी 30, कधीकधी 60 ग्रॅम. ती जिन-छिएन-त्साओ, नाण्यासारख्या गोल पानांची वनस्पती. ग्वांगदोंगमध्ये वापरतात ती शेंगवर्गीय कुळातली, सिचुआनकडची वेगळ्याच कुळातली, पण दोन्ही मुतखड्यावरच देतात.

तिच्या जोडीला दोन गोष्टी. एक हाय-जिन-शा, म्हणजे वर चढणाऱ्या एका नेच्याचे बीजाणू. रंग पिवळट तपकिरी आणि इतके बारीक की चिमटीत धरले तर बोटांतून सरकतात. पाण्यात तसेच टाकले तर वर तरंगत बसतात, म्हणून फडक्यात पुरचुंडी बांधूनच उकळायचे. दुसरं जी-नेई-जिन: कोंबडीच्या कलेजीबरोबर मिळणाऱ्या पेट्याच्या (तिच्या जठराच्या) आतलं पिवळं अस्तर, वाळवून, भाजून, पूड केलेलं. कोंबडी बारीक खडे गिळते आणि तिला काही होत नाही, यावरूनच कुणाला तरी हे सुचलं असावं. तिन्हींच्या नावात 'जिन' म्हणजे सोनं आहे, म्हणून या तिघांच्या काढ्याला 'तीन सोन्यांचा काढा' म्हणतात. हल्ली रुग्ण घरी उकळत बसत नाहीत. रुग्णालयच काढा करून प्लॅस्टिकच्या पाकिटांत बंद करून देतं, घरी फक्त गरम करून प्यायचा.

यामागचं चिनी शास्त्र असं: ओटीपोटात 'दमट उष्णता' साठते, लघवी आटते आणि किटलीच्या तळाशी क्षार धरतो तसा खडा धरतो. भाषा जुनी असली तरी घट्ट लघवीत खडे होतात हे निरीक्षण चोख आहे. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात उन्हात राबणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण एक गोष्ट तुमच्या मेहुण्याने सांगितली नसेल. हे काढे मुळात असलेला खडा उतरवण्यासाठी आहेत. खडा पडला, कळा थांबल्या की काढा बंद. 'परत होऊ नये म्हणून घेत राहा' हा वापर बराच नंतरचा आहे, आणि त्यामागचा पुरावा मुख्यतः उंदरांवरचा. उंदरांना पाण्यातून इथिलीन ग्लायकॉल देतात (गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच), त्याचं शरीरात ऑक्झॅलेट होतं (बहुतेक मुतखडे कॅल्शियम आणि याचेच बनतात) आणि मूत्रपिंडात स्फटिक साठतात. मग निम्म्यांना औषध देऊन बघतात. तैवानमध्ये वू-लिंग-सान नावाच्या जुन्या नुस्ख्याने असे स्फटिक कमी झालेले दिसले. जिन-छिएन-त्साओनेही उंदरांत लघवी वाढली, लघवीतलं सायट्रेट, म्हणजे खडा धरू न देणारा घटक, वाढलं. आशा वाटावी असं आहे, पण उंदराला कूलंट पाजून झालेला खडा आणि तुमचा खडा एक नव्हे. 2022 मध्ये चीनने याच वनस्पतीच्या अर्काच्या कॅप्सूलला परवानगी दिली, तीही मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यासाठी.

आता पुडी का वाचायची ते. सोंग राजवटीच्या सरकारी औषधकोशातला पा-चंग-सान हा नुस्खा लघवीच्या जळजळीवर आणि खड्यावर आजही चालतो. त्यात मू-थोंग नावाची वेल असते. मूळची वेल निरुपद्रवी, पण बाजारात तिच्या जागी क्वान-मू-थोंग ही दुसरीच वेल सर्रास यायला लागली. हिच्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. ते मूत्रपिंड कायमचं निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर करतं. हे जगाला कळलं बेल्जियममुळे. ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत अशीच एक वनस्पती दुसरीच्या जागी गेली, आणि शंभरावर माणसांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं गेली. 1993 मध्ये पहिला अहवाल छापून आला. पुढे त्यांतल्या 39 जणांची निकामी मूत्रपिंडं काढून तपासली, तेव्हा 18 जणांत कॅन्सर निघाला. चीनने 2003 मध्ये क्वान-मू-थोंगवर बंदी घातली. मुतखड्यावरचं औषध म्हणून मूत्रपिंडाचा शत्रू पोटात जावा, याला काय म्हणायचं! आपल्याकडची ईश्वरीची वेल याच कुळातली आहे, तेव्हा 'आपलं ते सुरक्षित' असंही नाही.

म्हणून पुडीवर छापील घटक, उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक नसेल तर सरळ कचऱ्यात. असेल तर मेहुण्याला 木通 (मू-थोंग) ही दोन अक्षरं शोधायला सांगा. सापडली तर नको, कारण आत दोन्हींपैकी कुठली वेल आहे ते कळत नाही. बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कमी काम करू लागली की वाढतं ते) वाढलेलं असेल, तर यादी स्वच्छ असली तरी नको.

गोखरूबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो: गोखरू चिनी दुकानातही मिळतो, फक्त ते लोक तो डोकेदुखी आणि डोळ्यांसाठी देतात.

परत खडा होऊ नये यासाठी खरं काम करतं ते फुकटचं आहे. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. अडीच लिटर पाणी पिणं पुरत नाही, उन्हात काम असेल तर साडेतीन-चार लिटर लागतं. 1996 मध्ये छापून आलेल्या इटलीतल्या अभ्यासात पहिला खडा होऊन गेलेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांत सुमारे 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत 27 टक्क्यांना. मीठ कमी करा, म्हणजे लोणचं-पापडही आले. दूध-दही मात्र सोडू नका. कॅल्शियमचा खडा म्हणून कॅल्शियम बंद करणं उलट अंगावर येतं, कारण आतड्यात ऑक्झॅलेटला बांधून ठेवायला तेच लागतं. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो आणि बिअरने पडतो, या दोन्ही गोष्टी कट्ट्यावरच ठेवा.

दुसरा खडा काढला तेव्हा तो तपासायला पाठवला होता का? युरिक ॲसिडचा असेल तर पोटॅशियम सायट्रेटने तो चक्क विरघळतो, आणि मग या सगळ्या चर्चेची गरजच उरत नाही. रिपोर्ट असेल तर खड्याचा प्रकार खाली लिहा, पुढचं त्यावरून बोलता येईल.